दुबळा हात

भागवत चंद्रशेखर यांचा जन्म १९४५ साली म्हैसूर येथे झाला. पाच-सहा वर्षांचे असतानाच त्यांना पोलिओने गाठले. आजार बरा झाला; परंतु जाता जाता त्याने त्यांच्या उजव्या हातातील बळ हिरावून नेले. तो हात कायमचा कृश राहिला. लांबून चेंडू फेकणे त्या हाताला झेपेना, म्हणून चेंडू डाव्या हाताने फेकण्याची सवय त्यांनी लावून घेतली.

अशा मुलाने क्रिकेटच्या वाटेस जाऊ नये, असेच कोणीही म्हटले असते. चंद्रशेखर मात्र गोलंदाजी करू लागले, आणि तीही त्याच दुबळ्या उजव्या हाताने! त्या हाताचे मनगट विलक्षण लवचिक होते. चाबकाचा फटकारा बसावा तसा हात फिरे आणि चेंडू सुटे. फिरकी गोलंदाजाचा चेंडू सामान्यतः संथ असतो. यांचा चेंडू फिरतही असे आणि वेगानेही येई. तो कोणीकडे वळणार, हे फलंदाजाला उमगेपर्यंत बहुधा उशीर झालेला असे. १९६४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते भारताकडून पहिला कसोटी सामना खेळले.

फलंदाजी मात्र त्यांना कधीच साधली नाही. ५८ कसोटी सामन्यांत त्यांनी २४२ गडी बाद केले आणि धावा काढल्या अवघ्या १६७. घेतलेल्या बळींहून काढलेल्या धावा कमी, असा हिशेब क्वचितच कोणाच्या नावावर आढळेल. ते फलंदाजीस निघाले, की डाव आटोपत आला असे प्रेक्षक खुशाल समजत.

१९६७-६८ च्या ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात त्यांना दुखापत झाली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ ते कसोटी संघाबाहेर राहिले. १९७१ च्या इंग्लंडच्या दौऱ्यासाठी त्यांची पुन्हा निवड झाली. कर्णधार होते मुंबईचे अजित वाडेकर. इंग्लंडच्या भूमीवर भारताने तोवर एकही कसोटी जिंकलेली नव्हती. पहिले दोन सामने अनिर्णित राहिले. तिसरा लंडनच्या ओव्हल मैदानावर सुरू झाला. पहिल्या डावात इंग्लंडने ३५५ धावा केल्या. भारताचा डाव २८४ धावांत संपला. ७१ धावांची ही पिछाडी लहान नव्हती.

चौथ्या दिवशी इंग्लंडचा दुसरा डाव सुरू झाला आणि वाडेकरांनी चेंडू चंद्रशेखरांच्या हाती दिला. समोरच्या फलंदाजाने टोलावलेला एक चेंडू त्यांच्या हाताला चाटून त्यांच्याच बाजूच्या यष्टीवर आदळला. तेथील फलंदाज पुढे सरसावलेला होता. तो धावबाद झाला. दैवाने दिलेला एवढा एक गडी सोडला, तर पुढचे काम कौशल्याचे होते. त्यांनी एड्रिच यांचा त्रिफळा उडवला. त्या चेंडूपूर्वी दिलीप सरदेसाईंनी, त्या काळी गाजत असलेल्या एका शर्यतीच्या घोड्याचे नाव घेऊन, वेगवान चेंडू टाकण्याची खूण केली होती, असे सांगतात.

मग फलंदाजाच्या अगदी पुढ्यात एकनाथ सोलकर उभे राहिले. मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर मैदानाची निगा राखणाऱ्याचा हा मुलगा. डोक्याला शिरस्त्राण नाही, आणि फलंदाज हाताच्या अंतरावर! बॅटीला लागून उडालेला चेंडू जमिनीला टेकण्याआधीच त्यांच्या हातात असे. फ्लेचर यांचा झेल त्यांनी चंद्रशेखरांच्या चेंडूवर घेतला. नॉट यांचा, वेंकटराघवन यांच्या चेंडूवर, पुढे झेपावून. झेल टिपणारे असे हात जवळ असल्यावर गोलंदाजाला निर्धास्तपणे चेंडू टाकता येतो.

इंग्लंडचा डाव १०१ धावांत कोसळला. चंद्रशेखरांनी ३८ धावा देऊन ६ गडी बाद केले होते.

आता विजयासाठी १७३ धावा हव्या होत्या. सुनील गावसकर शून्यावर बाद झाले. पण वाडेकर, सरदेसाई, विश्वनाथ, इंजिनियर या सर्वांनी थोड्याथोड्या धावांची भर घातली. २४ ऑगस्ट १९७१ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, आबिद अलींनी चौकार मारला आणि भारताने सामना व मालिका दोन्ही जिंकल्या. चार गडी अजून शिल्लक होते. त्या डावात चंद्रशेखरांना बॅट हाती घ्यावी लागली नाही.