कच्ची कथा आणि ऑनलाइन वाचक

ऑनलाइन लेखनसमूह म्हणजे कथा लिहिणाऱ्यांनी एकमेकांचे लेखन वाचून त्यावर बोलण्यासाठी इंटरनेटवर मांडलेली बैठक. जागा नवी असली तरी बैठक जुनीच आहे. पुण्यात रविकिरण मंडळाचे कवी १९२३ च्या सुमारास रविवारी चहाला जमत आणि नव्या कविता एकमेकांना वाचून दाखवत. कथेच्या बाबतीत मराठीत हे काम बराच काळ संपादकांनी केले. ‘सत्यकथा’ मासिकाचे राम पटवर्धन नवोदितांना कथेबद्दल सविस्तर पत्रे लिहीत आणि कथा पुन्हा पुन्हा लिहून घेत. एका कथेवर एवढा जीव टाकणारा संपादक आता क्वचितच भेटतो. ती रिकामी जागा इंटरनेटवरच्या अनोळखी वाचकांनी थोडीफार भरली आहे.

मराठीत याची सुरुवात १९९६ मध्ये मायबोलीपासून धरता येते. पुढे २००४ मध्ये मनोगत, २००७ मध्ये मिसळपाव आणि २०११ मध्ये ऐसी अक्षरे ही संकेतस्थळे आली. गावात ग्रंथालय नसलेला मुलगा आणि वीस वर्षे परदेशात राहिलेली बाई एकाच कथेखाली भेटू लागली. तिथली बोलीही हळूहळू घडली. लिहिलेले पान म्हणजे धागा आणि त्याखालचे मत म्हणजे प्रतिसाद. काहीही न लिहिता नुसता वाचणारा माणूस ‘रोमात’ असतो. ‘पुभाप्र’ म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत आणि ‘पुलेशु’ म्हणजे पुढील लेखनासाठी शुभेच्छा. नव्या लेखकाला ही दोन संक्षिप्त रूपे सर्वांत जास्त वेळा दिसतात, आणि जपून राहायचे असते ते त्यांच्यापासूनच.

अशा संकेतस्थळावर प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी कोकणातल्या दोन भावांच्या वाटणीची कथा भागाभागांनी टाकली होती. आई गेल्यावर घर वाटायचे आहे, पण भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, एवढाच तिचा जीव. तिसऱ्या भागात धाकटा मुंबईहून येतो आणि मागल्या दारचे कुलूप बदललेले पाहतो. थोरला पडवीत बसलेला असतो. नवी किल्ली त्याच्या करगोट्याला बांधलेली दिसते, पण तो उठत नाही. भाग तिथे संपला आणि खाली ‘क्रमशः’ लिहिले.

त्या रात्री प्रतिसादांचा पाऊस पडला. बहुतेक ‘पुभाप्र’ होते. काहींनी तर्क लढवले होते: आईने मृत्युपत्र करून ठेवले असणार, ते थोरल्याने दडवले असणार. हा तर्क इतक्या जणांना भावला की दोन दिवसांत चौथा भाग त्या बाजूला वळला आणि पाचव्या भागात मृत्युपत्र भाताच्या कणगीत सापडले. वाचक खूश झाले. कथा मात्र गेली. दोन भावांच्या अबोल्याची गोष्ट एका कागदाच्या शोधाची गोष्ट झाली होती. शेवटी धाकटा रिकाम्या गोठ्यात उभा राहतो, हा मुळात ठरवलेला प्रसंग लिहिलाच गेला नाही.

तिसऱ्या भागाखालचा एक प्रतिसाद तेव्हा नजरेतून सुटला होता. तो एवढाच होता: ‘कुलूप बदललेलं दिसलं तिथेच मला सगळं कळलं. आता अजून काही घडलं नाही तरी चालेल.’ या ओळीत स्तुती नव्हती आणि पुढच्या भागाची मागणीही नव्हती, त्यामुळे तिचे मोल समजायला दोन वर्षे लागली. कथा कुठे पोचली हे त्या वाचकाने नेमके सांगितले होते.

क्रमशः लिहिण्याचा धोका तो हाच. कथा पूर्ण होण्याआधी तिचा निकाल यायला लागतो आणि लिहिणारा हात निकालाकडे बघून लिहितो. दैनिके-साप्ताहिकांतल्या मालिकाकादंबऱ्यांनाही वाचकांची पत्रे येत, पण पत्र पोचायला दिवस लागत. इथे पाच मिनिटांत प्रतिसाद येतो. म्हणून नवोदिताने कथा शेवटपर्यंत लिहून, निदान आठ-पंधरा दिवस बाजूला ठेवून, मगच समूहापुढे मांडावी. भागांत टाकायचीच असेल तर शेवटचा भाग लिहून झालेला असावा आणि मध्ये तो बदलू नये. एवढे एक पथ्य पाळले तरी निम्मे नुकसान टळते.

समूह निवडताना सदस्यसंख्या पाहून काही कळत नाही. महिनाभर रोमात राहावे आणि तिथल्या दहा-बारा कथांखालचे प्रतिसाद सावकाश वाचावेत. कथेतल्या एखाद्या ठरावीक वाक्याविषयी कुणी बोलते का, फसलेल्या कथेला काय ऐकावे लागते, जुन्या आयडीची, म्हणजे मुरलेल्या सदस्याची, कच्ची कथा आणि नव्या आयडीची चांगली कथा यांना एकच माप लागते का, हे त्यातून दिसते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दाखवणारे सगळीकडे असतात. त्यांचे ऐकून चुका सुधाराव्यात, पण ती कथेची चर्चा समजू नये. ज्या धाग्यावर कथा बाजूला पडून दोन आयडींचे जुने भांडण रंगते, तिथे कच्चा खर्डा टाकणे म्हणजे रोप वाटेवर लावणे.

उघडे संकेतस्थळ आणि चार-सहा जणांचा बंद गट यांचे काम वेगळे आहे. उघड्यावर वाचक मिळतात. लेखकाला ओळखतही नसलेल्या वाचकाला कथा धरून ठेवते की नाही, हे तिथे कळते. शंभर शब्दांत कथा बसवण्याचे ‘शशक’सारखे उपक्रम तर सरावाला फार उपयोगी. एक शब्द वाढला की दुसरा कुठला काढायचा, हा हिशेब त्यात बोटांना शिकावा लागतो. पण मोठ्या कथेचा खर्डा फोडून पुन्हा जुळवायचा असेल तर बंद गटच लागतो. तिथे लोकांना एकमेकांच्या खोडी ठाऊक असतात आणि फसलेले पान दाखवायला संकोच वाटत नाही.

अशा गटाला चालवायला एक पद्धत हवी. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मिलफर्ड गावी १९५६ मध्ये डेमन नाइट, ज्युडिथ मेरिल आणि जेम्स ब्लिश यांनी विज्ञानकथा लेखकांची परिषद भरवली. तिथून रुळलेली पद्धत आज जगभरच्या कार्यशाळांत वापरतात. सगळ्यांनी कथा आधी वाचून यायचे. मग प्रत्येकाने पाळीपाळीने ठरलेल्या वेळात बोलायचे, मध्ये कुणी तोंड घालायचे नाही. लेखकाने शेवटपर्यंत गप्प बसायचे आणि सर्वांचे झाल्यावरच बोलायचे. नियमाचा गाभा या गप्प बसण्यातच आहे. ‘मला तिथे असं म्हणायचं होतं’ हे वाक्य लेखकाच्या तोंडून निघाले की वाचक त्या अर्थाला मान डोलावतो आणि कागदावर प्रत्यक्षात काय उतरले आहे हे कायमचे झाकले जाते. दिवाळी अंकातली कथा वाचणाऱ्याच्या शेजारी लेखक बसलेला नसतो.

ऑनलाइन गटात हा नियम पाळणे अवघड जाते, कारण उत्तर देण्याची चौकट प्रतिसादाच्या खालीच उघडी असते. प्रस्तुत लेखक ज्या पाच जणांच्या गटात आहे, तिथे लेखकाने तीन दिवस काहीही लिहायचे नाही असे ठरले आहे. पहिल्या दिवशी राग येतो. दुसऱ्या दिवशी उत्तरे सुचतात. तिसऱ्या दिवशी बहुतेक वेळा ती उत्तरे कथेतच कुठे घालायची हे दिसू लागते.

मत मागतानाही नेमके मागावे. ‘कशी वाटली?’ या प्रश्नाला ‘छान’ हेच उत्तर येणार. कुठे थांबावेसे वाटले, कुणाचे नाव मागे जाऊन पुन्हा बघावे लागले, कुठे पुढचे आधीच कळले, असे विचारले की वाचकाला बोलायला जागा मिळते. मिळालेल्या मतांतली दुरुस्ती आणि दुखणे वेगळे करता यायला हवे. एखाद्या जागी तिघे अडखळले असतील तर तिथे काहीतरी खुपते आहे हे नक्की. पण त्यावर सुचवलेले तीन उपाय तिघांच्या स्वतःच्या कथांमधून आलेले असतात. वाटणीच्या कथेत तर्क लढवणाऱ्यांना काहीतरी कमी वाटत होते, ते खरे होते. थोरल्याच्या मनात काय चालले आहे याचा पुरेसा सुगावा कथेत नव्हता. मृत्युपत्र हा त्यावरचा उपाय नव्हता.

दुसऱ्याच्या कथेवर लिहिणे हा उपकार नसून अभ्यास आहे. आपल्या कथेतला लांबलेला संवाद दिसत नाही. दुसऱ्याच्या कथेतला तोच दोष लगेच डोळ्यांत भरतो, आणि तो का खटकला हे चार ओळींत मांडताना आपलाही हात शहाणा होतो. आपली एक कथा देण्याआधी इतरांच्या तीन वाचाव्यात हा गटाचा साधा व्यवहार ठेवावा. नुसते आपलेच टाकून निघून जाणाऱ्याकडे पुढे कुणी फिरकत नाही.

ठिकाण निवडण्याआधी प्रकाशनाचाही विचार व्हायला हवा. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली आणि आजही मराठी कथेचा मोठा बाजार तोच आहे. अनेक अंक आणि कथास्पर्धा अप्रकाशित कथाच मागतात, आणि संकेतस्थळ, ब्लॉग, फेसबुक किंवा व्हॉट्सॲपवर आलेली कथा त्यांच्या लेखी प्रकाशित झालेली असते. वाटणीची कथा पुढे मुळातल्या शेवटासह नव्याने लिहून एका अंकाकडे पाठवली, ती याच कारणाने परत आली. धागा काढून टाकला तरी पूर्वप्रकाशन पुसले जात नाही. ज्या कथेला अंकाचे दार दाखवायचे आहे, ती उघड्यावर टाकू नये. बंद गटात वाचायला देणे वेगळे, तरीही अंकाचे नियम पाहून घ्यावेत.

चोरीची भीती नवोदितांना फार असते. भारतात १९५७ च्या कायद्याने लिखित कलाकृतीवरचा स्वामित्वहक्क लिहिल्याबरोबर लेखकाचा होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. मात्र हक्क शब्दांवर आणि मांडणीवर असतो, नुसत्या कल्पनेवर नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ‘न्यू दिल्ली’ चित्रपटाविरुद्ध एका नाटककाराने केलेल्या दाव्यात हेच तत्त्व स्पष्ट केले. म्हणून खर्डा तारखेसह स्वतःजवळ ठेवावा आणि वाटणी, अबोला, कुलूप या कल्पना कुणी वापरील ही काळजी सोडावी. खरी काळजी कराराची घ्यावी. कथा मागवणाऱ्या काही ॲपवर ‘मान्य आहे’ या एका टिचकीबरोबर श्राव्यपुस्तक, अनुवाद आणि पटकथेचे हक्कही जाऊ शकतात. हक्क किती मुदतीचे, कोणत्या भाषांचे, एकट्या त्या कंपनीचे की लेखकालाही वापरता येणारे, हे वाचल्याशिवाय टिचकी मारू नये.

समूहात किती काळ राहावे याला मोजमाप नाही, पण वेळेचा हिशेब ठेवता येतो. आठवड्यात प्रतिसाद वाचण्यात आणि वादात गेलेले तास लिहिण्याच्या तासांहून जास्त झाले, किंवा पहिला परिच्छेद लिहितानाच अमुक आयडी काय म्हणेल हे कानात वाजू लागले, की त्या कथेपुरते तरी लॉगआउट व्हावे. वाटणीची कथा तिसऱ्यांदा लिहिताना प्रस्तुत लेखकाने तेच केले आणि शेवटचा खर्डा झाल्यावर तो पाच जणांच्या गटाला दिला. दोघांना गोठ्याचा प्रसंग लांबलेला वाटला. तो सव्वा पानाचा होता, अर्ध्या पानाचा झाला. मृत्युपत्र नाही, कणगी पडवीच्या कोपऱ्यात रिकामी आहे, आणि करगोट्याची किल्ली थोरला शेवटी सोडून उंबऱ्यावर ठेवतो.