मातेचा हक्क

मुलांनो, घरात बाळ जन्माला येणे ही मोठ्या आनंदाची गोष्ट होय. परंतु तीच घटका माता व बालक या दोघांच्याही जिवाला धोक्याची असते. प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबला नाही, तर काही तासांतच मातेचे प्राण जाऊ शकतात. अशा वेळी सर्वांत मोठा शत्रू म्हणजे विलंब.

हा विलंब तीन ठिकाणी होतो. ‘खर्च कसा झेपणार?’ या विवंचनेत घरी वेळ जातो. वाहन मिळेपर्यंत वाटेत जातो. आणि रुग्णालयात पोहोचल्यावर औषधे व रक्त यांची जुळवाजुळव करण्यात जातो. या तिन्हींच्या मुळाशी पुष्कळदा पैशाची चणचण असते.

हे ओळखून भारत सरकारने १ जून २०११ रोजी ‘जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम’ सुरू केला. त्यानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती विनामूल्य होते. शस्त्रक्रिया करावी लागली, तरी पैसे पडत नाहीत. औषधे, तपासण्या व रक्तही विनामूल्य मिळते. नैसर्गिक प्रसूतीनंतर तीन दिवसांपर्यंत व शस्त्रक्रियेनंतर सात दिवसांपर्यंत मातेला भोजन मिळते. घरून रुग्णालयात नेण्यासाठी आणि परत घरी पोहोचवण्यासाठी वाहनाची सोय असते. महाराष्ट्रात त्यासाठी १०२ या क्रमांकावर दूरध्वनी करतात. आजारी नवजात बालकावरही मोफत उपचार होतात. प्रारंभी ३० दिवसांची असलेली ही मुदत पुढे एक वर्षापर्यंत वाढवण्यात आली.

बाळ घरी आले, की काळजी संपली असे नव्हे. गावातील ‘आशा’ स्वयंसेविका तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येते, बाळाचे वजन करते आणि आजाराची लक्षणे पाहते. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गावच्याच स्त्रियांना असे शिक्षण दिले, तेव्हा तेथील नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले.

भारतात २००४–०६ या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे २५४ मातांचा मृत्यू होत असे. २०१८–२० मध्ये ही संख्या ९७ वर आली. याचे श्रेय एकाच योजनेचे नव्हे. शिवाय ९७ ही संख्याही लहान नाही. तिच्यातील प्रत्येक अंकामागे आईला पारखे झालेले एक घर आहे.

ही सोय म्हणजे दान नव्हे, तो मातेचा हक्क आहे. परंतु जो हक्क ठाऊक नाही, तो असून नसल्यासारखाच. तुम्हांला वाचता येते. म्हणून ज्यांना हे ठाऊक नाही, त्यांना ते सांगणे हे तुमचे काम आहे.

अभ्यास
१. प्रसूतीच्या वेळी विलंब कोणत्या तीन ठिकाणी होतो?
२. ‘दान’ आणि ‘हक्क’ यांतील भेद स्वतःच्या शब्दांत लिहा.