टाळांचा जोड

काष्टीचा जनावरांचा बाजार सर्वांना ठाऊक आहे. याच श्रीगोंदे तालुक्यात १७ व्या शतकात शेख महंमद हे सूफी संतकवी होऊन गेले. त्यांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ व अनेक अभंग मराठीत रचले.

अभंग गावोगावची भजनी मंडळे गातात. शेतात राबलेली माणसे रात्री देवळात जमतात. कव्वालीत असते तसेच! एक जण ओळ म्हणतो, बाकीचे ती उचलून धरतात. टाळ-पखवाज साथ करतात. न्यूझीलंडचे माओरी लोकही पथके करून आपली गाणी व नाच मुलांना असेच शिकवतात.

अभंगाचे शब्द पुस्तकात सापडतील. चाल मात्र ऐकूनच शिकावी लागते. कोणी शिकले नाही, तर ती म्हाताऱ्या बुवांबरोबर जाते. म्हणून बुवा टाळांचा एक जोड जवळ बसलेल्या मुलाच्या हाती देतात.