नंदादेवी : शिखर आणि खोरे

उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात नंदादेवीचे शिखर उभे आहे. त्याची उंची ७,८१६ मीटर असून, संपूर्णपणे भारताच्या हद्दीत असलेल्या शिखरांमध्ये ते सर्वांत उंच होय. दुनागिरी, चांगाबंग, त्रिशूळ इत्यादी पर्वतांचा सुमारे ११० किलोमीटर परिघाचा तट त्याला वेढून आहे. या तटाला पश्चिमेकडे एकच खिंडार आहे, ते म्हणजे ऋषिगंगेची अरुंद व खोल घळई. १९३४ साली शिप्टन आणि टिलमन यांनी शेर्पा सहकाऱ्यांसह याच मार्गाने आतील खोऱ्यात प्रवेश मिळवला.

येथील खडक मुख्यतः पट्टिताश्म, सुभाजा व क्वार्ट्झाइट या रूपांतरित जातींचे आहेत. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड आशियास भिडला आणि त्या रेट्याने हे थर दुमडून वर उचलले गेले. या घडामोडीत पडलेल्या भेगांमध्ये दिवसा वितळलेल्या बर्फाचे पाणी शिरते. रात्री ते गोठताना सुमारे एक-अकरांशाने प्रसरण पावते आणि कठीण कडेही हळूहळू फोडते.

हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे वायुप्रवाह हिम आणतात, तर जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंत मोसमी पाऊस पडतो. वर्षातील सुमारे सहा महिने खोरे हिमाच्छादित असते. हे हिम साचून व दबून हिमनद्या बनतात. उत्तर व दक्षिण ऋषी हिमनद्यांचे पाणी अखेर त्याच घळईतून धौलीगंगेस मिळते.

खोऱ्यातील उलथापालथीचा भार या एकमेव वाटेच्या मुखाशी राहणाऱ्यांवर पडतो. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी, आतील तटाबाहेर पण ऋषिगंगेच्याच पाणलोटात असलेल्या रोंती शिखराचा सुमारे पावणेतीन कोटी घनमीटर खडक व बर्फ एकाएकी कोसळला. घर्षणाच्या उष्णतेने बर्फ वितळले आणि चिखलाचा लोंढा रैणी गावाजवळून तपोवनपर्यंत धावला. दोन जलविद्युत प्रकल्प उद्ध्वस्त झाले आणि दोनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. वृक्षतोड रोखण्यासाठी १९७४ साली गौरादेवींसह ज्या गावच्या स्त्रिया उभ्या राहिल्या, तेच हे रैणी. अशा खोऱ्यात धरण वा बोगदा आखताना नदीच्या पाण्याइतकाच वरच्या कड्यांचाही अभ्यास व्हावयास हवा.