उजेडाचा आवाका : साधे चित्र की एचडीआर?

जयपूरचा हवामहल सवाई प्रतापसिंहांनी १७९९ मध्ये बांधविला. त्याचा दर्शनी भाग पूर्वाभिमुख आहे. कॅमेरा घेऊन तेथे जाणाऱ्याने ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. कारण डिजिटल कॅमेऱ्यावरील ‘स्टँडर्ड’ व ‘एचडीआर’ या दोन पर्यायांपैकी कोणता निवडावा, याचा निम्मा निर्णय या दिशेनेच होऊन जातो. सकाळी ऊन सरळ भिंतीवर पडते. भिंत आणि आकाश यांच्या तेजस्वितेत तेव्हा फारसे अंतर नसते आणि साधे चित्र उत्तम येते. सायंकाळी मात्र सूर्य महालाच्या पाठीमागे उतरतो. भिंतीच्या मानाने चित्र घेतले तर आकाश पांढरेफटक पडते. आकाशाच्या मानाने घेतले तर भिंत काळवंडते.

असे का घडते? कॅमेऱ्यातील संवेदकावर लाखो सूक्ष्म घटक असतात. प्रत्येक घटक म्हणजे प्रकाश साठविणारे एक भांडेच होय. ते काठोकाठ भरले की त्यानंतर येणाऱ्या प्रकाशाची नोंद होत नाही. तो भाग निव्वळ पांढरा उमटतो. उलट भांड्यात अगदी थोडाच प्रकाश आला, तर तो विद्युत्‌मंडलातील गोंधळात हरवून सावलीत खरखरीत दाणे दिसू लागतात. या दोन टोकांमधील अंतरास ‘डायनॅमिक रेंज’ म्हणतात. ते ‘स्टॉप’ या एककात मोजतात व प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो. दहा स्टॉप म्हणजे १,०२४ पट, चौदा स्टॉप म्हणजे १६,३८४ पट. आजचे चांगले संवेदक बारा ते चौदा स्टॉप सांभाळतात. परंतु नेहमीच्या जेपेग चित्रात प्रत्येक रंगास केवळ २५६ पायऱ्या मिळतात, आणि कॅमेरा स्वतःच चित्र तयार करताना दोन्ही टोकांकडचा बराच तपशील टाकून देतो.

ही अडचण डिजिटल युगाने आणलेली नव्हे. जयपूरचे महाराज सवाई रामसिंह दुसरे (कारकीर्द १८३५–१८८०) हे स्वतः छायाचित्रकार होते. त्यांच्या काचपट्टिका जयपूरच्या राजवाड्यातील संग्रहालयात आजही जतन केलेल्या आहेत. त्या काळची ओल्या कलोडियनची पट्टिका निळ्या प्रकाशास अतिसंवेदनशील, तर तांबड्यास जवळजवळ आंधळी असे. त्यामुळे निळे आकाश कोरे पडे व गेरूच्या रंगाची भिंत काळसर उमटे. १८७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या स्वागतासाठी ज्या शहराला गुलाबी रंग दिला गेला, त्या शहराच्या दृष्टीने हा योगायोग मोठा गमतीचा म्हणावा लागेल! फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे याने १८५०च्या दशकात यावर तोड काढली होती. समुद्राची एक व आकाशाची एक अशा दोन वेगळ्या पट्टिका घेऊन त्या एकाच कागदावर तो छापीत असे.

एचडीआर हे त्याच युक्तीचे यांत्रिक रूप होय. कॅमेरा लागोपाठ दोन-तीन किंवा अधिक चित्रे घेतो. एक मंद, एक मध्यम, एक उजळ. मंद चित्रातून आकाश, उजळ चित्रातून सावली घेऊन त्यांचा मेळ घातला जातो, आणि मग तो विस्तृत आवाका पडद्यास पेलवेल इतका आकुंचित केला जातो. खरी मेख या आकुंचनातच आहे. ते जोरकस झाले की घुमटाभोवती उजळ कडे दिसू लागते, रंग भडक होतात आणि दगडी इमारत रंगविलेल्या पुठ्ठ्यासारखी भासते. शिवाय चित्रे एकापाठोपाठ घेतलेली असल्याने मधल्या क्षणी जे हलले ते दुहेरी उमटते. बडी चौपडीवरची गर्दी किंवा उडालेला पारव्यांचा थवा एचडीआरमध्ये घेणे म्हणून जिकिरीचे असते. मोबाइल फोन हे दोष पुष्कळ अंशी लपवितात, पण पूर्णपणे नव्हे. दृश्य स्थिर असेल व कॅमेरा तिपाईवर असेल, तेथे मात्र हा पर्याय निःसंशय उपयोगी पडतो.

तथापि प्रश्न केवळ सोयीचा नाही. हवामहलाच्या आतून जाळीकडे पाहिले असता ते ध्यानात येते. पडद्यातील राजस्त्रियांना रस्त्यावरील मिरवणूक दिसावी, पण त्या कोणास दिसू नयेत, अशी ती योजना. ती साधते कशामुळे? जाळीच्या आड अंधार व बाहेर लख्ख ऊन यांतील फरकामुळेच. एचडीआर नेमका हाच फरक पुसून टाकतो. आतील भिंत, बाहेरील बाजार सारेच सारख्या उजेडात येते. तपशील वाढतो आणि जाळीचे प्रयोजन नाहीसे होते. भिंतीवरील नक्षीची नोंद करावयाची असेल तर असे चित्र हवेच. जाळी म्हणजे काय हे दाखवावयाचे असेल तर साधे चित्रच घ्यावे आणि आतली सावली काळी राहू द्यावी.

या दोहोंमधला तिसरा मार्गही आहे. कॅमेऱ्यात ‘रॉ’ धारिका घेण्याची सोय असेल तर एकच चित्र थोडे मंद घ्यावे, म्हणजे आकाश वाचते. सावली नंतर हवी तेवढीच उजळता येते आणि पारवेही एकेरी राहतात. आमेरच्या शीशमहालात हीच रीत अधिक बरी. तेथील आरशांच्या बारीक तुकड्यांवर चमकणारे प्रकाशबिंदू निव्वळ पांढरे उमटले तरी काही बिघडत नाही. एचडीआरने ते मंद केले, तर आरसा आणि चुन्याची भिंत यांत भेद उरत नाही.