मागचं झाकण उघडूनच सेट ताब्यात घ्या

२०२१ च्या जुलैत सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा आमचं खालचं सगळं गेलं. आजोबांचा फिलिप्सचा तीन बँडचा ट्रान्झिस्टर माळ्यावर होता म्हणून वाचला. पुराने सोडलं ते एका संग्राहकाने नेलं.

सेट चालू व्हायचा, पण स्टेशन पकडायचा नाही. "दादा, आतले ट्रान्झिस्टर उडालेत, आता मिळत नाहीत, पण तुमच्यासाठी बघतो," म्हणून तो घेऊन गेला. फोनवर फोन केल्यावर एसटी स्टँडवर सेट हातात ठेवला. जुनी हिंदी गाणी खणखणीत वाजत होती. त्याने पैसे मोजून घेतले आणि मी गाडी पकडली.

पोलादपूरला आत्याकडे गेलो. तिला मुंबई केंद्राच्या बातम्या हव्या होत्या. आजोबांनी डायलवर पेनाने केलेल्या खुणेवर काटा नेला, गाणं चालूच. बँड बदलला, तरी तेच. काही वेळाने पहिलं गाणं पुन्हा लागलं, मागोमाग दुसरं, त्याच क्रमाने. आत्या माझ्याकडे बघत राहिली. मागचे स्क्रू काढले, तर आत बोटभर लांबीची नवी पाटी आणि तिच्यात मेमरी कार्ड. मूळ पाटी, स्टेशन लावणारा गँग, अँटेनाची फेराइटची कांडी, काही नव्हतं. फोन केला तर म्हणतो, "वाजतोय ना? मग तक्रार कसली?" त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

संताप याचा, की दुरुस्ती सोपी असणार होती. जुन्या मेकॅनिकने नंतर सांगितलं, ते प्रत्येकाने लिहून ठेवा. आजोबांच्या काळच्या बऱ्याच सेटमध्ये एएफ ११५, एएफ ११७ हे पत्र्याच्या टोपीचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर असतात. टोपीच्या आतून कथलाचे केसासारखे तंतू वाढून आतल्या जोडण्यांना टेकतात आणि सेट मुका होतो. त्यांना चार पाय असतात. टोपीला जोडलेला पाय कापला की बरेचदा सेट पुन्हा बोलतो. म्हणून "ट्रान्झिस्टर उडालाय" एवढ्यावर कोणाचाही विश्वास धरू नका.

सेट देण्याआधी झाकण काढून आतले फोटो काढा, पाटीवरचे आकडे दिसतील असे. परत घेताना मीडियम वेव्ह लावा आणि सेट हळूहळू गोल फिरवा. फेराइटची कांडी केंद्राच्या दिशेला टोक करून आली की आवाज पडतो, त्या दिशेला आडवी झाली की चढतो. आवाज जराही हलला नाही तर तिथेच झाकण उघडायला लावा, समोरच्याला कितीही घाई असो. सेट वापरात नसताना सेल आत ठेवू नका, ते पाझरून पट्ट्या खातात. पावती घ्या. पोस्टाचं जुनं रेडिओ परवान्याचं पुस्तक असेल तर ते सेटबरोबर देऊ नका. माझ्याकडून त्याने तेही "बघायला" म्हणून मागून घेतलं आणि परत दिलं नाही.