जुन्या वास्तूंची छायाचित्रे : मतभेद का होतात?

मद्रास सैन्यातील अधिकारी लिनिअस ट्राइप याने डिसेंबर 1854 मध्ये हळेबीड व बेलूर येथील मंदिरांची छायाचित्रे घेतली. पुढच्या वर्षी त्याने ब्रह्मदेशातील वास्तू टिपल्या आणि त्यांच्या प्रती बंगळूर येथे तयार केल्या. त्या काळची रसायने निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील असल्यामुळे आकाश कोरे पांढरे उमटे. म्हणून ट्राइपने काही ऋणप्रतींवर कुंचल्याने ढग रंगविले. हे ढग खोटे मानावयाचे, की चित्र पुरे करणारे? हौशी छायाचित्रांच्या परीक्षणात आजही हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांनी पुढे येतो.

बंगळूरच्या अठारा कचेरीचे उदाहरण घेऊ. 1868 साली पूर्ण झालेल्या, अठरा खात्यांसाठी बांधलेल्या या तांबड्या इमारतीत आज उच्च न्यायालय आहे. समजा, एखाद्या नवशिक्याने जवळ उभे राहून, कॅमेरा वर करून तिचे छायाचित्र घेतले. खांब वरच्या बाजूस एकमेकांकडे झुकलेले दिसतात. एक परीक्षक म्हणेल, 'इमारत मागे कोसळते आहे.' दुसरा म्हणेल, 'मान वर करून पाहणाऱ्याला ती अशीच भव्य भासते.'

येथे दोघांचेही म्हणणे निराधार नाही. कॅमेरा वर कलला की संवेदनशील पृष्ठभाग भिंतीशी समांतर राहत नाही, म्हणून उभ्या रेषा जवळ येतात. दूर जाऊन कॅमेरा सरळ धरला तर हा दोष टळतो. संगणकावर रेषा सरळ करता येतात, परंतु कडेचा काही भाग गमवावा लागतो आणि प्रमाणही बिघडू शकते. मोजमापासाठी चित्र हवे असेल तर पहिला परीक्षक बरोबर, आणि उंचीचा अनुभव द्यावयाचा असेल तर दुसरा.

रंगाचीही तीच गोष्ट. या तांबड्या इमारतीचे कृष्णधवल चित्र लाल फिल्टर लावून घेतले, तर आकाश गडद होते आणि भिंती फिकट, जणू चुन्याच्या दिसतात. चित्र उठावदार होते. पण जिने ही इमारत कधी पाहिली नाही, अशा व्यक्तीचा गैरसमज होतो.

खरा वाद होतो तो विजेच्या तारा, फलक आणि भिंतीतून उगवलेले पिंपळाचे रोप यांवरून. ते पुसून टाकले तर चौकट स्वच्छ होते. परंतु वास्तूची अवस्था सांगणारी खूणही त्याबरोबर नाहीशी होते. 1980च्या दशकात अठारा कचेरी पाडण्याचा विचार पुढे आला, तेव्हा नागरिकांनी विरोध केला आणि ती वाचली. लालबागेतील क्रुंबिगल सभागृहाचे भाग्य तसे नव्हते. दीर्घकाळ दुर्लक्षित राहून 2017 साली ते जमीनदोस्त झाले. अशा वास्तूचे एखादे वाकडे, अंधुक, पण प्रामाणिक छायाचित्र पुढे अमूल्य ठरते. त्यातील भेगा कोणी पुसल्या असत्या, तर ती का पडली हे सांगणारा एक साक्षीदार आपण गमावला असता.

म्हणून परीक्षकाने पुढील क्रम पाळावा. प्रथम चित्र कशासाठी घेतले ते विचारावे. नंतर डोळ्यांना जे दिसते तेवढेच सांगावे, आवडनिवड मागाहून. 'वाईट आहे' असे म्हणण्याऐवजी 'डावीकडील फलकाकडे नजर जाते' असे म्हटल्यास नवशिक्याला पुढच्या वेळी काय करावे ते कळते. शेवटी, काही पुसले वा जोडले असल्यास तशी नोंद चित्राखाली करण्यास सांगावे. मग ढग रंगविणारालाही खोटेपणाचा दोष लागणार नाही.

परीक्षकांचे एकमत होणे आवश्यक नाही. आपण कोणत्या हेतूने बोलतो आहोत, एवढे प्रत्येकाने स्पष्ट केले की मतभेदही शिकविणारे होतात.

अभ्यास : आपल्या गावातील एका जुन्या वास्तूची दोन छायाचित्रे घ्या, एक नोंदीसाठी, दुसरे केवळ सौंदर्यासाठी. दोन मित्रांना ती हेतू न सांगता दाखवा. त्यांचे अभिप्राय लिहून घ्या. मग हेतू सांगून पुन्हा विचारा. मत कोठे बदलले आणि कोठे नाही, याची तुलना करा.